कोमट पाण्याचा तास

मंगळवार, १२ नोव्हेंबर

फिजिओने ही वही दिली ती दुखण्याला गुण द्यायला. रोज सकाळी शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा, म्हणे. मी म्हटलं, "अगं, जन्मभर मुलांच्या पेपरांना गुण दिले, आता गुडघ्यांना देऊ?" ती हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली. मी दोन गुण लिहिले. मला तसं फार काही नाही. पण एवढ्या मोठ्या पानावर एकच आकडा लिहून पान वाया घालवणं जिवावर येतं, म्हणून बाकीचं लिहिते आहे.

आरोग्य केंद्राच्या तळघरात एक छोटा हौद आहे. छातीपर्यंत कोमट पाणी, चारी बाजूंनी धरायला कठडा. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचा एक तास आम्हा संधिवातवाल्यांसाठी राखून ठेवलेला असतो. आम्ही आठ-दहा जण आहोत. जमिनीवर ज्याला पाऊल टाकताना देव आठवतो, तो त्या पाण्यात चक्क चालतो. चालकराव तर उलटेसुद्धा चालतात. ते निवृत्त बसचालक, नाव मीच ठेवलं. म्हणतात, "बाई, पाण्यात उतरलं की पुन्हा गाडी हातात आल्यासारखं वाटतं. सगळे सांधे ऐकतात."

मी मुख्यतः व्यवस्था बघायला जाते. कोण आलं, कोण नाही, कुणाचा टॉवेल कुठे राहिला. शाळेतल्या पर्यवेक्षिकेची सवय जात नाही. सगळे मला 'बाई'च म्हणतात.

आज फिजिओने तास संपल्यावर थांबवून घेतलं. पाणी तापवणं परवडत नाही, असं वरून आलं आहे. पुढच्या आठवड्यात पाहणीला अधिकारी येणार आणि तो सांगेल तसं होणार. सगळ्यांचे चेहरे उतरले. बेकरीवाली आमच्यात सगळ्यात लहान, चाळिशीचीसुद्धा नाही. ती म्हणाली, "हा तास गेला तर मी पीठ मळू शकणार नाही हो. मंगळवारच्या हातांवर मी शुक्रवारपर्यंत दुकान चालवते."

मी म्हटलं, घाबरू नका. पाहणीचं माझ्यावर सोपवा. माझ्या शाळेला कधी वाईट शेरा मिळालेला नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दुखणं: दोन.

तयारीला लागले आहे. पाहणीचं एक शास्त्र असतं. मोडकी बाकं मागच्या खोलीत, हुशार मुलं पुढच्या रांगेत, आणि रडक्या पोरांना त्या दिवशी आधीच खाऊ. आज सगळ्यांना बाकावर बसवून समजावलं. त्या दिवशी दुखण्याची गोळी घरूनच घेऊन यायची. स्वच्छ टॉवेल. कण्हायचं नाही. रडगाणं ऐकून कुणी काही देत नाही, उलट कटकट नको म्हणून बंद करून टाकतात. या तासाने आपलं किती भलं होतं ते दिसलं पाहिजे. काठ्या, कुबड्या आणि ते चाकांचं वॉकर टॉवेलांच्या खोलीत ठेवायचं. हौदाशेजारी तो पसारा बरा दिसत नाही.

चालकराव म्हणाले, "बाई, काठी दिसली तर काय बिघडतं? आहे ती आहे."

"तुमच्या बसची तपासणी असायची तेव्हा तुम्ही फुटलेला आरसा तसाच ठेवायचात का?"

"नाही."

"मग?"

फिजिओ काहीतरी बोलणार होती, पण तिला फोन आला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दुखणं: दोन.

हल्ली वन्सं पहाटेच उठून स्वयंपाकघरात खुडबुड करतात. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. हे गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. मी म्हटलं, झोप येत नसेल तर पडून राहा, माझी झोप कशाला मोडता? त्या गरम पाण्याची पिशवी माझ्या हातांवर ठेवून गेल्या. ती बरी वाटते म्हणून मी ठेवू देते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

शंभर टक्के. शाळेतसुद्धा इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

अधिकारी यायला उशीर झाला. आमचा तास संपतच आला होता, ते एक बरंच झालं, कारण सुरुवातीची पायऱ्या उतरतानाची ओढाताण त्याला दिसली नाही. तो आला तेव्हा सगळे पाण्यातून बाहेर येत होते. अंगं तापलेली, गाल लाल, गोळ्या लागू पडलेल्या. चालकरावांनी पायऱ्या चढताना कठड्याला हातसुद्धा लावला नाही आणि वर येऊन त्याला एक विनोद सांगितला. बेकरीवालीने दोन्ही हातांनी टॉवेल पिळून दाखवला. मी स्वतः दारापर्यंत सोडायला गेले, ताठ, एकदाही न थांबता.

मध्यम वयाचा, नम्र माणूस आहे. "छान आहे हो सगळं," म्हणाला. "माझी आईसुद्धा इतकी टुणटुणीत नाही."

तो गेल्यावर टॉवेलांच्या खोलीतून काठ्या काढायला गेलो तर दार अडकलेलं. कुणाच्याच बोटांत ते ओढायला जोर नव्हता. शेवटी सफाईवालीला बोलावलं. हसून हसून पुरेवाट झाली.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज अंथरुणातच होते. काल जरा जास्त झालं असावं. दुखणं: तीन.

मंगळवार, ३ डिसेंबर

निर्णय आला. फिजिओने वाचून दाखवला. लाभार्थी आधाराशिवाय हालचाल करू शकतात, प्रकृती समाधानकारक आहे, कोमट पाण्याची वेगळी गरज आढळली नाही. जानेवारीपासून सगळ्यांनी पोहण्याच्या मोठ्या तलावात सर्वसाधारण व्यायामवर्गाला जावं.

समाधानकारक. हा शब्द मी स्वतः किती प्रगतिपुस्तकांवर लिहिला असेल.

कुणी मला काही बोललं नाही. चालकराव काठीच्या मुठीकडे बघत बसले होते. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. बेकरीवाली जाताना म्हणाली, "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी येऊन वन्संना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, हात थांबला नाही. "वहिनी, तुम्ही आजाऱ्यांची परेड काढलीत आणि वर पदकाची वाट बघत बसलात," म्हणाल्या. मग काही वेळाने, "जेवून घ्या."

मंगळवार, ७ जानेवारी

मोठ्या तलावावर गेलो. तिथली मुलगी शिट्टी वाजवते आणि सगळे उड्या मारतात. पाणी गार. पाय घातला आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. बेकरीवाली दहा मिनिटांत बाहेर आली, बोटं वळेनात, पोलक्याचे हुक मी लावून द्यावे म्हणून माझ्याकडे आली. मला तरी कुठे लावता येतात? आम्ही दोघी एकमेकींच्या हुकांशी झटत बसलो. मग ती रडायला लागली, आणि मला तिला गप्प करता येईना.

चालकराव आलेच नाहीत.

शुक्रवार, १७ जानेवारी

आजही फक्त चौघं. चालकराव नाहीत. माझ्यावर रागावलेत हे उघड आहे. रागवायचा हक्क आहे त्यांना. पण माणसाने येऊन दोन शब्द सुनवावेत, असं रुसून घरी बसणं शोभत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

चालकरावांच्या घरी जाऊन आले. पहिल्या मजल्यावर राहतात, एकटेच. बेल वाजवून किती तरी वेळ थांबले. आतून आवाज येत होता, "आलो, आलो," पण येईनात. मला वाटलं, मुद्दाम ताटकळत ठेवतात.

दार उघडलं तर दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर, पायांत एकच मोजा. एवढा टापटिपीचा माणूस! मी बोललेच. "असं घर धरून बसायचं असेल तर माझ्यावर राग काढा, स्वतःवर कशाला?"

"राग कसला, बाई. बसा ना."

चहा विचारला नाही. सबंध वेळ हात शालीत. मी आपली बोलत होते, आपण पुन्हा अर्ज करू, सुनावणी मागू, हार मानायची नाही. ते "हो, हो" करत होते. शेजारी खानावळीचा डबा ठेवलेला होता, सकाळचाच, झाकण तसंच लावलेलं. जेवणावरही राग काढतात म्हणजे कमाल झाली. मी म्हटलं, जेवा वेळेवर. निघाले तर उठलेसुद्धा नाहीत. "बाई, दार तेवढं नुसतं लोटून घ्या, कडी नको," म्हणाले.

जिना उतरायला मला बराच वेळ लागला. मन फार खट्टू झालं आहे. वन्संना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "डब्याचं झाकण घट्ट होतं?"

"मला काय माहीत?"

वन्संनी दुसरा डबा भरला, झाकणाऐवजी वरून कापड बांधलं आणि चपला घालून निघून गेल्या. कुठे जाता म्हटलं तरी सांगितलं नाही. परत आल्यावर इतकंच म्हणाल्या, "आता रोज मी जाणार."

गुरुवार, २३ जानेवारी

रात्रभर ते झाकण डोळ्यांपुढे होतं. माणूस भुकेला बसला होता आणि मी त्याला शिस्त शिकवत होते. मी हे कसं नाही ओळखलं? मला तर ओळखायला हवं होतं. आमच्या घरातल्या बरण्यासुद्धा वन्संच सैल करून ठेवतात.

आज आकडा लिहीत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

फिजिओने फेरसुनावणी मिळवून दिली. गुणी पोर आहे, नोकरी सांभाळून आमच्यासाठी भांडते. पुढच्या बुधवारी, साडेअकराला. बोलायचं मी.

भाषण लिहिते आहे. पेनाला वन्संनी कापड गुंडाळून जाड करून दिलं, तरी दोन ओळींनंतर थांबावं लागतं. त्यात बेकरीवालीचे हात आहेत, चालकरावांचं झाकण आहे. हे सगळं लिहिताना डोळ्यांना पाणी आलं.

वन्संना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "छान आहे. तुमचं कुठे आहे यात?"

"माझं काय? मला तसं..."

"हं," म्हणाल्या, आणि मला खुर्चीतून उठवायला नेहमीसारखा हात पुढे केला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काय बोलू? पुन्हा तेच केलं.

सुनावणी साडेअकराला, म्हणून पहाटेपासून तयारी. वन्संनी हात-पाय शेकून दिले, गोळ्या वेळेवर घेतल्या, इस्त्रीची साडी नेसवून घेतली. तिथे गेले तेव्हा अंग बऱ्यापैकी मोकळं झालेलं. समोर तिघं, त्यात आपला तो नम्र अधिकारी. मी उभी राहिले आणि बोलले. खणखणीत, एकदाही न अडखळता. सुनावणीला आलेले आमचे लोक मागे बसून माना डोलवत होते. बोलून झाल्यावर क्षणभर मला खरंच वाटलं, जिंकलो.

मधल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा या रुग्णांपैकीच का?"

"हो. म्हणजे, थोडंफार."

"पण तुम्ही तर छान उभ्या आहात."

मला एक शब्द सुचला नाही. आयुष्यात प्रथमच.

मग फिजिओ उठली. म्हणाली, "मॅडम, हे लोक तुमच्याकडे येतात तेव्हा दुपार होत आलेली असते. यांचा आजार सकाळचा असतो. तुम्ही कुणाच्या तरी घरी सकाळी जाऊन बघा." तिघं आपसांत कुजबुजले. ठरलं ते असं: अधिकारी एका रुग्णाच्या घरी सकाळी उठायच्या वेळी येईल. रुग्ण कोण ते आम्ही ठरवायचं. त्यावर शेवटचा निर्णय, पुढे काही नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चालकरावांकडेच पाठवू या. सगळे माझ्याकडे बघत होते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चालकरावांना विचारायला गेले. या वेळी दार उघडंच होतं. डबा मीच उघडून दिला, म्हणजे कापड सोडलं, आणि आम्ही दोघं जेवलो. हात शालीबाहेर होते. मी ते पहिल्यांदा नीट बघितले, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

ते म्हणाले, "माझ्याकडे येऊ द्या की, माझी ना नाही. पण मला बघून तो काय म्हणेल? म्हातारा एकटा आहे, हाल आहेत, बिचारा. एखादा मदतनीस देतील पाठवून. हौद कशाला लागतो ते त्याला माझ्याकडे नाही कळायचं. त्याने तुम्हाला ताठ चालताना बघितलंय. तुमच्याकडे आला तर कळेल."

"माझ्याकडे बघण्यासारखं काही नाही."

"बाई," ते म्हणाले, "पाण्यात उतरताना तुमचा हात कठड्यावर माझ्या हाताच्या पुढेच घट्ट धरलेला असायचा. मला दिसत होतं ना सगळं."

घरी येईपर्यंत राग राग झाला. कसला ते कळत नाही. माझं घर, माझी खोली, आणि एक परका पुरुष येऊन मला अंथरुणातून उठताना बघणार! शाळेत मला कधी कुणी खुर्चीत मागे रेलून बसलेलंसुद्धा बघितलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

बेकरीवालीचा फोन. दुकान बहिणीच्या हवाली करते आहे. "थोडे दिवसच," म्हणाली. थोडे दिवस नाहीत हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

फिजिओला कळवलं: माझ्याकडे या.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तो येऊन गेला. आज लिहवत नाही.

मंगळवार, ११ मार्च

हौद सुरू झाला. मंगळवार-शुक्रवार, वर्षभरासाठी, मग पुन्हा पाहणी. चालकरावांना शेजाऱ्याने गाडीतून आणलं. फिजिओ आणि सफाईवाली, दोघींनी धरून उतरवलं. दोन महिन्यांत जे गेलं ते यायला सहा महिने लागतील, आणि सगळं येईलच असं नाही, असं फिजिओ मला एकीकडे म्हणाली. उलटं चालणं काही त्यांना जमलं नाही. कठडा धरून उभे होते, डोळे मिटून. बेकरीवाली त्यांच्या शेजारी पाण्यात बोटं उघडत-मिटत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण फार थकलेला.

त्या सकाळचं लिहायचं राहून गेलं आहे, ते लिहून टाकते.

आदल्या दिवशी वन्संनी विचारलं होतं, "खोली आवरू का?" मी नको म्हटलं. चादर बदलायची नाही, गोळी आधी घ्यायची नाही, पिशवी तापवायची नाही. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं दिली ती एक दिवस कशी नको देऊ?" म्हणाल्या. इतकी वर्षं. मी कधी मोजलीच नव्हती.

तो आला तेव्हा मी अंथरुणातच होते. बोटं वळलेली, उघडत नव्हती. वन्संनी त्याला खुर्ची दिली. मग नेहमीचं सुरू झालं. वन्संनी मला कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, काखेत हात घालून बसवलं. मी ओरडले. रोज ओरडत असणार, मला वाटायचं मी फक्त हुंकार देते. पेला त्यांनीच ओठांना लावला. तोंड त्यांनीच पुसलं. मग माझ्या मागे बसून त्या केस विंचरायला लागल्या, कारण माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत. चार वर्षं झाली, अंबाडा त्याच घालतात. बाहेर सगळ्यांना वाटतं बाईंचा अंबाडा किती नीट असतो.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. सभ्य माणूस, लाज वाटली असेल. मलाही वाटत होती. जीव जाईल असं वाटत होतं. मोकळ्या पांढऱ्या केसांनी मला ह्यांच्याशिवाय कुणी बघितलेलं नाही.

पण तो बाहेर बघत राहिला असता तर आत काहीच नाही असं लिहून गेला असता, मी या वहीत 'दोन' लिहीत आले तसंच.

मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "तिकडे काय आहे? इकडे बघा."

त्याने मान वळवली. वन्संचा हात थांबला होता. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही विंचरा. सावकाश." आणि तो बघत असताना मी तशीच बसून राहिले.